प्लास्टरचं वर्ष

मशीनकाकूंनी आयुष्यातलं एकच वर्ष जिवापाड जपून ठेवलं होतं, आणि ते होतं नवऱ्याचा पाय मोडल्याचं. हे त्या चारचौघांत बोलत नसत. नवऱ्याचा पाय मोडला म्हणून सुखावलेली बायको कुणाला पटणार?

काका सिटी बसवर ड्रायव्हर. पोरी झोपेत असताना निघायचे, परतायचे तेव्हा पोरी पुन्हा झोपलेल्या. काकू दिवसभर खिडकीशी शिलाई मशीनवर बसलेल्या, म्हणून गल्लीने त्यांचं मशीनकाकू करून टाकलं होतं. अशातच एकदा डेपोत गाडीतून उतरताना काका घसरले आणि उजव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. मग आत सळई, वर प्लास्टर आणि वर्षभर घरी बसणं.

काकूंनी मशीन कोपऱ्यात सरकवलं, खिडकीशी वेताची खुर्ची मांडली आणि पायाखाली स्टूल दिलं. त्या खुर्चीत बसून काका धाकटीच्या वेण्या घालायला शिकले. सुरुवातीला एक वेणी पूर्वेला, तर दुसरी पश्चिमेला जायची आणि धाकटी तशीच शाळेत मिरवायची. थोरलीची गणितं, शर्टांची बटणं, कुकरच्या शिट्ट्या मोजणं, सगळं हळूहळू काकांकडे गेलं. वर प्रवाशांच्या नकला होत्याच. भांडणाच्या नादात भलत्याच स्टॉपवर उतरलेलं जोडपं काका असं काही उभं करायचे की हसून हसून काकूंची शिवण वाकडी जायची. घरात माणूस असणं म्हणजे काय, ते काकूंना त्या वर्षी कळलं.

पुढे पाय भरून आला, काका गाडीवर रुजू झाले आणि वर्षं जी सुसाट सुटली ती हाती लागलीच नाहीत. थोरलीचं लग्न झालं, धाकटी नोकरीसाठी लांब गेली. वेणी घालायला घरात डोकंच उरलं नाही. काकूंनी मात्र मनाशी पक्कं धरलं होतं, की हे निवृत्त होतील आणि ते वर्ष परत येईल. या खेपेला काही न मोडता.

निवृत्तीच्या दिवशी त्या सकाळपासून कामाला लागल्या. माळ्यावरची खुर्ची आधीच काढून नव्याने विणून घेतली होती. मशीन पुन्हा अंधाऱ्या कोपऱ्यात गेलं. स्टूलसुद्धा जिथल्या तिथे ठेवलं. दुपारी काका आले ते काखेत भिंतीवरचं घड्याळ घेऊन. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही, त्याला डेपोवाले हटकून घड्याळच देतात.

काका दारातच थबकले. खुर्चीकडे बघत राहिले आणि मग चपला काढायच्या बाकावरच टेकले.

"अहो, तिथे काय बसताय? तुमची जागा केलीय ना," काकू म्हणाल्या.

"ही कुठून काढलीस?"

"माळ्यावरून. आठवतं ना सगळं? त्या वेण्या, त्या नकला..." काकूंचा उत्साह ओसंडून चालला होता.

काकांनी घड्याळाचं खोकं मांडीवर घेतलं. "तुला ते वर्ष एवढं आवडलं होतं?"

"म्हणजे? तुम्हाला नव्हतं आवडलं?"

"डॉक्टर म्हणाला होता, पायात पुन्हा जोर येईलच असं नाही. ब्रेकचा पाय तो. गाडी सुटली असती तर काय करणार होतो मी? दोन पोरी, आणि सगळा भार तुझ्या त्या मशीनवर. मी गप्प बसलो की तू पायाकडे बघायचीस. म्हणून करायचो नकला."

नीट घडी घालून ठेवलेला कपडा कुणी समोर टराटरा उसवावा, तसं काकूंना झालं. आधी राग आला. आपलं एकुलतं एक वर्ष, तेही या माणसाने काढून घेतलं.

"म्हणजे सगळं नाटकच होतं," त्या म्हणाल्या.

"वेण्या नव्हत्या गं नाटकातल्या," काका हळूच म्हणाले.

काकूंनी पदर डोळ्यांना लावला, मग खुर्ची उचलून भिंतीकडे फिरवली. "बरं. मग आता तुम्हाला काय हवंय, ते तरी सांगा."

"मला एकदा मागे बसून जायचंय. तुझ्या शेजारी."

एवढ्या वर्षांच्या संसारात ही दोघं बसमध्ये शेजारी शेजारी कधी बसलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं काकांच्या नेहमीच्या बसमध्ये चढली. काकू खिडकीशी बसल्या. पहिल्याच वळणावर काकांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर जोरात दाबला गेला. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. त्यांचं त्यांना कळतही नव्हतं. काकूंनी मात्र ते पाहिलं. त्या वर्षीही प्लास्टरच्या आत हा पाय दिवसभर असाच धडपडत असणार, आणि आपण शेजारी बसून पोट धरून हसत होतो.

त्यांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पुढे बघायला तो ड्रायव्हर आहे ना. तुम्ही इकडे बघा."

काका बघू लागले. दुकानं, शाळा, दवाखाना, सगळं कसं भराभर मागे पडत होतं. "चालवताना हा रस्ता संपता संपायचा नाही," ते म्हणाले. "आज बघ, निघालो काय आणि आलो काय."

शेवटच्या स्टॉपवर बस रिकामी झाली. ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, "काका, उतरायचं नाही का?"

काकांनी सवयीने उठायला सीटची दांडी धरली. गुडघ्यावरचा हात काकूंनी काढला नाही.

"जाऊ दे गाडी," त्या म्हणाल्या. "आत्ताच तर बसलोय आम्ही."