दुधासोबत घेतलेली कॅप्सूल

आंधळगावच्या कुंताबाईंच्या पायाला हातमागाचा खिळा लागला आणि जखम चिघळली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टेट्रासायक्लीनच्या कॅप्सूल दिल्या, दिवसातून चार. सहा दिवस झाले तरी पाय लालच. औषध नकली आहे, असं ठरवून त्यांचा मुलगा बाबूलाल त्यांना नागपूरला न्यायची तयारी करू लागला.

त्याच दवाखान्यातली कौशल्या सिस्टर मलमपट्टीला घरी आली. औषध घेता का, असं न विचारता ती म्हणाली, माझ्यासमोर घेऊन दाखवा. कुंताबाईंनी पेलाभर दूध आणलं. एका हातात कॅप्सूल, दुसऱ्यात एक पांढरी गोळी. कॅप्सूल गरम पडते म्हणून दूध, आणि गोळी कॅल्शियमची. गुडघ्यांसाठी भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी मागेच दिलेली.

कौशल्यानं त्यांचा हात धरला.

"मावशी, दोन्ही औषधं खरी आहेत. पण पोटात भेटली का एकमेकांले धरून बसतात. मग कॅप्सूल रक्तात जातच नाही. दुधातबी तेच कॅल्शियम हाय."

बाबूलालला हे पटलं नाही. दुधानं कोणाचं नुकसान झालंय का, असं तो म्हणाला. कौशल्या वाद घालत बसली नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून आली आणि त्यांचा निरोप सांगितला: कॅप्सूल संपेपर्यंत पांढरी गोळी बंद. कॅप्सूल जेवणाआधी तासभर, साध्या पाण्यासोबत. दूध त्या वेळेच्या आसपास नको. मग तिनं पेनानं पायावरच्या लालीच्या कडेनं रेघ ओढली.

"लाली रेघेबाहेर गेली, नाही तं ताप आला, तं मीच तुमाले नागपूरच्या गाडीत बसवतो."

कुंताबाईंनी मुलाकडे पाहिलं. "चार दिवस मी हिचं आयकतो. मंग तुयं."

दुसऱ्या दिवशी फरक दिसला नाही. तिसऱ्या दिवशी लाली रेघेच्या बोटभर आत सरकली होती. चौथ्या दिवशी त्यानंच आईचा पाय उजेडात धरून पाहिला, आणि नागपूरचं नाव पुन्हा काढलं नाही. बाराव्या दिवशी कुंताबाई मागावर बसल्या.

त्यानंतर शेजारची शकुनबाई रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या घेऊन कौशल्याकडे आली. तीही त्या गोळ्या कॅल्शियमसोबतच घेत होती, आणि कॅल्शियम लोहालाही अडवतं. कौशल्यानं लोहाची सकाळी, कॅल्शियमची रात्रीच्या जेवणानंतर, अशी वेळ ठरवून दिली. तेव्हापासून ती प्रत्येक रोग्याला आधी एकच विचारत असे: काय काय घेता, आणि कशासोबत?