मामाच्या वाट्याचं डोकं

लग्न कुठलंही असो, मोदिसेच्या गावात कापलेल्या बैलाचं डोकं नवरीच्या मामाचं. त्याने ते खाल्लं नाही, तर मामा रुसला असाच अर्थ घेतात. आज त्याच्या भाचीचं, तेबोगोचं लग्न होतं आणि मोदिसेने आठ वर्षांत मांसाला हात लावला नव्हता.

कारण सांगून सांगून त्याच्या तोंडाला फेस आला होता. बाटलीने दूध पाजून वाढवलेलं वासरू कापताना त्याने स्वतः धरलं, आणि पुढे मांस खावंसंच वाटेना. एवढंच. पण गुरांवर जगणाऱ्या गावाला हे कसं पटायचं? कुणी म्हणे नवा पंथ धरला, कुणी म्हणे बायकोने काहीतरी चारलंय. वर, "कोंबडी तरी घे, ती कुठे मांस!" हे होतंच. कोंबडी काय झाडाला लागते?

सकाळपासून बहीण मागे लागली होती.

"सांधे धरलेत म्हण. डॉक्टरने मांस बंद केलंय म्हण."

"मी चांगला धडधाकट आहे, ताई. खोटं का बोलू?"

"तुझ्या खऱ्यापायी माझ्या पोरीने सासरी जन्मभर टोमणे खायचे? आठ वर्षं तुझे नखरे आम्ही सोसले. आज एक दिवस तू सोस."

हे मात्र त्याला लागलं.

दुपारी पुरुषांच्या पंगतीत वाफाळणारी परात आली. वरपक्षाचे वडीलधारे म्हणाले, "मामा, करा सुरुवात."

मोदिसेने सुरी उचलली. समोर मांडवात तेबोगो श्वास रोखून त्याच्याकडेच बघत होती. त्याने सुरी खाली ठेवली.

"डॉक्टरने मना केलंय. सांधेदुखी."

"अरेरे! मग आधी नाही का सांगायचं, मामा!"

क्षणात वारं फिरलं. डोकं त्याच्या नावाने चुलतभावाने घेतलं, मामाचा मान राहिला. कुणी टेकायला खुर्ची आणली, कुणी झाडाची साल उकळून प्यायला सांगितली. आठ वर्षं खऱ्याला हसणारी माणसं खोट्यापुढे अशी विरघळलेली पाहून मोदिसेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चवळी आणि ज्वारीचा घाटा देऊन त्याला सेलेलोकाकांशेजारी बसवलं. काका वीस वर्षांपासूनचे सांधेदुखीवाले, तेही चवळीच खात होते. मोदिसेला आजवर सगळ्यांत जास्त टोचून बोलणारे हेच.

"कुठला सांधा रे?" काकांनी विचारलं.

"कुठलाच नाही!" मोदिसे फणकारला.

काकांनी आजूबाजूला पाहिलं. "माझाही नाही," ते हळूच म्हणाले.

मोदिसेने हातातला घास खाली ठेवला. "मग मला का छळलंत इतकी वर्षं?"

"तुझी बाजू घेतली असती, तर मलाही विचारलं असतं ना, मी का खात नाही ते. जेव गुपचूप."

मांडवात तेबोगो खळखळून हसत होती. मोदिसेने घास तोंडात घातला. आठ वर्षांत पहिल्यांदाच चवळी त्याच्या घशाखाली उतरेना.