माधवीची वेळ

"फोटो तर बघा, सर. माझ्या साडूची पोरगी हाय. अमीरपेठेत कॉम्प्युटर शिकवते," म्हणत सूर्यभानने फोटो टेबलावर सरकवला.

रवीने तो पाहिलाही नाही. हैदराबादच्या अंबरपेठेतल्या मराठी समाजात शिकलेला, बिनलग्नाचा मुलगा म्हणजे सगळ्यांचा डोळा त्याच्यावर. नारायणगुड्यात त्याने समुपदेशनाची खोली थाटली, तेव्हा पेशंटपेक्षा स्थळंच जास्त आली.

सूर्यभानची मुलगी माधवी त्याची पेशंट. साखरपुडा करून मुलगा अमेरिकेला गेला आणि तिकडूनच त्याने लग्न मोडलं. तेव्हापासून ती घरात कोणाशी बोलत नव्हती, बापाशी तर अवाक्षर नाही. रवीपुढे मात्र हल्ली चार वाक्यं यायची. तीही दार सताड उघडं ठेवून. सर बिनलग्नाचे, म्हणून आई मालनबाई उंबऱ्यात राखणीला. रवीला या राखणीची चीड येई, पण पोरगी बोलायला लागली होती, म्हणून तो गप्प राही.

"मला लग्न करायचं नाही," रवी म्हणाला.

सूर्यभानने बाहेर बाकावर आईशेजारी बसलेल्या माधवीकडे पाहिलं. "हौ. मग आमच्या माधवीवर डोळा हाय का?"

रवीच्या डोक्यात तिडीक गेली. "बायकांवर माझा डोळा नाहीच. मला पुरुष आवडतात. तुमच्या पोरीला माझ्याइतका निर्धोक माणूस अख्ख्या हैदराबादेत मिळायचा नाही."

आता तरी बाप निर्धास्त व्हावा की नाही? तो ताडकन उठला. असल्या माणसापुढे पोरीला बसवणार नाही, वस्तीत सगळ्यांना सांगतो, असं बरंच बोलला. कालपर्यंत पुरुष म्हणून राखण, आज असला पुरुष म्हणून बहिष्कार. यांना नक्की काय हवं होतं? वस्तीची भीती रवीला होतीच, पण माधवी पुन्हा मुकी होईल याची जास्त होती. एवढ्या दिवसांची मेहनत त्याने स्वतःच्याच तोंडाने घालवली होती. त्याला सूर्यभानचा राग आला आणि स्वतःचाही.

"चल घरी," बाहेर जाऊन सूर्यभानने माधवीचं मनगट धरलं. मालनबाई चपला शोधू लागली.

माधवीने हात सोडवून घेतला. "बाबा, आत्ता माझी वेळ आहे. मी थांबते."

सूर्यभान उभाच राहिला. पोरीचा आवाज तो विसरला होता.

ती आत येऊन बसली. तिने सगळं ऐकलं होतं. रवी रागाने टेबलामागे येरझाऱ्या घालत होता.

"बसा, सर," माधवी म्हणाली. "आधी पाणी प्या."