सुटलेलं पान

"कट! अहो आजोबा, तार खाली का टाकलीत?"

लाइल ब्रँडव्होल्डने आपल्या हाताकडे पाहिलं. हात रिकामा होता. तारेचा कागद बुटांपाशी पडला होता आणि तो कधी सुटला, हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

"चुकलं, मिस्टर स्टॅडलर. पुन्हा घेऊ."

स्टॅडलर दिग्दर्शक होता, तिशीच्या आतला. लाइल साठीचा. दोन वर्षांनी त्याच्या वाट्याला बोलायला काही आलं होतं. टेलिव्हिजनवरच्या काउबॉय मालिकेत तो गावचा तारमास्तर. शेरिफला तार वाचून दाखवायची : 'तुमचा भाऊ गेला. यायची घाई करू नका.' एवढं वठलं तर तारमास्तर दर आठवड्याला ठेवू, असं स्टॅडलरने सांगितलं होतं. सकाळी निघताना लाइल बायकोला म्हणाला होता, "कोरा, आज जमलं ना, तर त्या गावात घर केलं समज."

सतरा वर्षं तो रेडिओवर होता. सिनेमातही चार-दोनदा दिसला, तो गर्दीत. रेडिओवर मात्र तो डॉक्टर एम्स होता आणि देशभरच्या बायका चुलीवरचं खाली उतरवून त्याला ऐकायच्या. मायक्रोफोनसमोर पान उलटलं की सळसळतं, म्हणून वाचून झालेलं पान बोटं सैल करून गालिच्यावर सोडायचं, ही तिथली रीत. नवख्यांना ती जमायला महिने लागत. लाइलचं पान कधीच वाजलं नाही. पुढे डॉक्टर एम्स टेलिव्हिजनवर गेला, तेव्हा त्याला चेहरा दुसऱ्याच उंचापुऱ्या माणसाचा लागला.

दुसऱ्या वेळी लाइल असा बोलला की शेरिफ झालेला नट खरोखरच गलबलला. आणि तार पुन्हा खाली.

"जित्याची खोड!" दिव्यांवरचा माणूस म्हणाला. सगळे हसले. लाइलही हसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला.

तिसऱ्या वेळी त्याने कागद मुठीत घट्ट आवळला. सारा जीव मुठीत गेला आणि आवाज लाकडासारखा कोरडा निघाला.

"असू दे," स्टॅडलर म्हणाला. त्याचा स्वर मऊ झाला होता, तेच वाईट होतं. "शेरिफ स्वतःच वाचेल, मनातल्या मनात. तुम्ही नुसती हातात द्या."

"आणि पुढच्या आठवड्याला?"

"कळवू ना."

या धंद्यात 'कळवू' म्हणजे काय, हे लाइलला कुणी सांगायला नको होतं.

कोरा दारातच उभी होती. "जमलं?"

"जमलं," तो म्हणाला. दुसरं काही तोंडातून निघेचना.

सहा आठवड्यांनी, गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, तो भाग लागला. कोरा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. रेडिओच्या दिवसांतही ती तिथूनच ऐकायची. "तोंड रोजच बघते, आवाज तेवढा ऐकू दे," म्हणायची.

"आलास की हाक मार रे!"

"ऐकू येईलच तुला."

पडद्यावर पाठमोऱ्या तारमास्तराने तार पुढे केली. शेरिफने मान खाली घातली. आता सगळं गप्प होणार, हे लाइलला ठाऊक होतं. खुर्चीत बसल्या बसल्या, वर्तमानपत्राचं एक पान हातात धरून, तो डॉक्टर एम्सच्या भरदार आवाजात बोलला, "तुमचा भाऊ गेला. यायची घाई करू नका."

स्वयंपाकघरातली सुरी थांबली.

"अगदी तस्साच आहे रे तुझा आवाज," कोरा आतून म्हणाली.

थोड्या वेळाने ती हात पुसत बाहेर आली. पडद्यावर घोडे धावत होते. लाइल तिकडे टक लावून बसला होता आणि वर्तमानपत्राचं पान त्याच्या पायाशी गालिच्यावर पडलं होतं. कोराने पानाकडे पाहिलं, मग त्याच्या रिकाम्या हाताकडे.

तिने वाकून पान उचललं, त्याची घडी घातली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. कागद जरासुद्धा वाजू दिला नाही.

"बटाटे होतीलच आता," ती म्हणाली.