हरिणीचं सुतक

“हाथ फेरकर देखिए, बाईसा. रूई जैसी नरम है!”

गुमानसिंगांनी बनी पार्कमधल्या बंगल्याच्या व्हरांड्यात मृगाजिन उलगडलं. बस्सीकडचे हे ठाकूर शालनताईंच्या नवऱ्याचे, विमा एजंट रंगनाथरावांचे, जुने विमेदार. शालनताईंनी कौतुकानं हात फिरवला. सासऱ्यांचं जपाचं मृगाजिन पार झिजलं होतं, म्हणून महिन्यापूर्वी चहाचा कप पुढे करताना त्यांनीच आपल्या मोडक्या हिंदीत म्हटलं होतं, “आपके उधर कोई पुराना मृगाजिन पडा होगा, तो हमारे अप्पा को देना.” एवढ्या मोठ्या गढीत एखादं पडलेलं असेल, इतकंच त्यांच्या मनात.

“किस के पास पडा था, ठाकुरसाब?”

“जंगल के पास!” गुमानसिंग मोठ्यांदा हसले. मग जरा खाली बघून म्हणाले, “चार दिन घूमा, नर मिला ही नहीं. मादा पर मैं गोली नहीं चलाता, पिताजी का दिया हुआ नियम है. पर आपने पहली बार कुछ मांगा था, बाईसा. खाली हाथ कैसे आता?”

शालनताईंचा हात जागच्या जागी थांबला.

ठाकूर गेले. शालनताईंनी ते कातडं आत आणून खुर्चीवर ठेवलं. चातुर्मासात कांदा-लसूण नाही, तांदूळ निवडताना सापडलेला सोंडासुद्धा बोटानं उचलून अंगणात सोडायचा, असा त्यांचा नेम. आणि त्यांच्या एका वाक्यापायी एका शिकाऱ्याचा नेम मोडला होता.

त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लागला नाही.

अप्पा काठी टेकत स्वयंपाकघराच्या दाराशी आले. “शालन, तेल संपलं का गं?”

“नाही, अप्पा.”

“मग? बरं नाही वाटत?”

“सुतक आहे मला. तीन दिवसांचं.”

अप्पा चपापले. “कुणाचं? वाईहून तार आली की काय? रंगनाथ चौमूंला गेलाय आणि तू एकटीच…”

“तार नाही आली.” त्यांनी पदराला हात पुसले. “त्या हरिणीचं.”

अप्पांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा खुर्चीवरच्या त्या कातड्याकडे. मग मिशीत हसले. “अगं वेडे, जनावराचं कुठं सुतक असतं? परवा दारात पाल चिरडली, तिचं धरलंस का?”

“तिला मी मागितलं नव्हतं, अप्पा.”

अप्पांचं हसू ओसरलं. ते पाटावर टेकले.

“तुमच्यासाठी म्हणून हौसेनं मागितलं,” शालनताई म्हणाल्या. “आणि आता त्यावर बसा म्हणून सांगायची जीभ होत नाही. तुम्हाला खाली थंड फरशी बाधते. काय करू सांगा.”

“काय करायचंय? माझ्याकडे घोंगडी आहे की. जपाला गुडघे लागत नाहीत, मन लागतं.” मग हळूच म्हणाले, “साठ वर्षं मृगाजिनावर बसलो, पण ते कुणाच्या अंगावरचं, हे एकदाही विचारलं नाही मी. तू विचारलंस तरी. आता मला पिठलं-भात वाढ. सुतक असलं तरी म्हाताऱ्याला भूक लागते.”

शालनताईंना रडता रडता हसू आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गड्यानं परसात कडुनिंबाखाली खड्डा खणला. ते कातडं त्यात ठेवून माती लोटली. अप्पा स्नान करून, ओलं धोतर नेसून दक्षिणेला तोंड करून बसले. शास्त्रात हे बसत नाही, असं एकदा पुटपुटले आणि दर्भ हातात घेतला. शालनताईंनी तिळाची वाटी आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

“गोत्र काय म्हणू गं?”

“मला कुठं ठाऊक, अप्पा?”

“ज्याचं ठाऊक नसतं त्याचं काश्यप,” असं म्हणून अप्पांनी मंत्राला सुरुवात केली.

तेवढ्यात फाटक वाजलं. गुमानसिंग होते. आसन कसं झालं ते विचारायला हसतमुखानं आलेले. परसातलं दृश्य बघून त्यांनी चटकन जोडे बाहेर काढले.

“कौन गुजर गया, बाईसा?” त्यांनी दबल्या आवाजात विचारलं.

शालनताईंनी पदर सावरला. खरं सांगावं तर आपुलकीनं आणलेल्या भेटीचा अपमान. खोटं बोलावं तर ते या पाण्यापुढे? मंत्र थांबला होता. अप्पासुद्धा त्यांच्याकडेच बघत होते.

“वो हिरनी,” त्या म्हणाल्या. “आपकी गलती नहीं, ठाकुरसाब. मांगा तो मैंने था.”

गुमानसिंगांचा चेहरा लाल झाला. आता हा माणूस पाठ फिरवून जाणार, पुन्हा या घराची पायरी चढायचा नाही, असं शालनताईंना वाटलं. पण ते तसेच उभे राहिले, ताज्या मातीकडे बघत. मग सावकाश डोक्यावरचा साफा उतरवून त्यांनी काखेत धरला. पांढऱ्या केसांचं ते डोकं उघडं पडल्यावर एवढा धिप्पाड माणूस एकदम वयस्कर दिसू लागला.

ते अप्पांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि शालनताईंपुढे ओंजळ धरली.

“थोडे तिल मुझे भी दीजिए, बाईसा.”