गुलाबी कड्या

घड्याळवाल्यांनी पेन्सिलीच्या टोकाचं रबर व्हॉल्व्हच्या काचेवर हलकेच टेकवलं आणि कोपऱ्यातल्या स्पीकरमधून टण्ण असा आवाज आला.

"हा अजून बोलतोय, वहिनी," ते म्हणाले. "बाकीचे गप्प आहेत."

"दोन कड्या घातल्यात म्हणून एवढ्यावर भागतंय. आधी याहून वाईट होता."

"तुमच्या कड्यांना तोडच नाही."

घड्याळवाले म्हणजे तिच्या नवऱ्याचे जुने दोस्त. आठवडाभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करायची आणि सुटीच्या दिवशी इथे येऊन नवऱ्याच्या बरोबरीने तारा जोडत बसायचं, हा त्यांचा नेम. जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर घरी जुळवायचं खूळ दोघांच्याही डोक्यात सारखंच शिरलेलं. या व्हॉल्व्हचं एक दुखणं असतं. आतल्या नाजूक तारा जरा हादरा बसला की थरथरतात, आणि ती थरथर गाण्यात मिसळून स्पीकरमधून बाहेर पडते. घरात कुणी चाललं तर गाण्यात त्याची पावलं ऐकू येतात. त्यावर उपाय म्हणजे व्हॉल्व्हला बाहेरून मऊ कडी घालायची. मग सगळी थरथर ती कडी गिळते.

नवऱ्याला या कड्या शोधायला लांब जावं लागलं नाही. बायको दातांच्या कवळ्या करायच्या कारखान्यात कामाला होती. ठसे घ्यायला तिथे एक गुलाबी लगदा लागतो. दोन डब्यांतला माल एकत्र मळला की थोड्या वेळात तो रबरासारखा घट्ट होतो. डब्यांच्या तळाशी उरलेला माल ती घरी आणायची, मळून बाटलीच्या गळ्याभोवती गुंडाळायची आणि घट्ट झाला की कड्या कापून द्यायची. नवरा दोस्तमंडळींत त्या मिरवायचा.

आज घड्याळवाले अ‍ॅम्प्लिफायर न्यायला आले होते. नवरा जाऊन काही महिने झाले होते. मुलगी फोनवर सारखी म्हणायची, "आई, ती खोली मोकळी कर, तुलाही मोकळं वाटेल." पण घड्याळवाल्यांना बोलावलं ते मुलीच्या सांगण्यावरून नव्हे. खरं कारण तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर लोकांनी तिलाच वेड्यात काढलं असतं.

"थोडं थांबा, भाऊजी," ती म्हणाली. "चालूच राहू दे. रेकॉर्ड काही लावू नका."

व्हॉल्व्ह तापून केशरी दिसत होते. स्पीकरमधून नुसती बारीक सरसर येत होती. घड्याळवाल्यांनी चहाचा कप उचलला आणि तेवढ्यात स्पीकरमध्ये कुणीतरी चालायला लागलं.

धप, धप, धप. दाराकडून फडताळापर्यंत, भरभर. तिथे क्षणभर थांबून परत दाराकडे.

घड्याळवाल्यांनी कप तोंडाशीच धरून छताकडे बघितलं. "वर कोण राहतं?"

"वर गच्ची आहे. कुलूप असतं, किल्ली माझ्याकडे."

"आणि खाली?"

"खाली गोदाम. आज बंद."

घड्याळवाल्यांनी आपले पाय खुर्चीच्या दांडीवर उचलून घेतले. ती तर केव्हाची पलंगावर मांडी घालून बसली होती. घरात जमिनीला कुणाचाच पाय लागलेला नव्हता. पावलं मात्र चालत होती.

"वहिनी," घसा खाकरून ते म्हणाले, "हा तोच आहे हो."

"मलाही तसंच वाटलं. रोज संध्याकाळी लावते आणि रोज येतात. मी बोलतेसुद्धा त्यांच्याशी. मुलीचं सांगते, पाणी आलं नाही ते सांगते. मग वाटायला लागलं, माझ्यामुळेच अडकून पडलेत. तुमच्याकडे दिलं म्हणजे सुटतील."

"माझ्याकडे?" घड्याळवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "नाही, म्हणजे नेतो की. दोस्तच आहे आपला. पण आमची खोली एकच आहे ना, वहिनी."

तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. त्या हसण्याने जीव जरा थाऱ्यावर आला, आणि आजवर जे जमलं नव्हतं ते जमलं. न रडता तिने ती पावलं ऐकली.

नवरा चालायचा सपाता फरफटत. दोन खोल्या पलीकडून कळायचं. ही पावलं टाचेवर पडत होती, दणदणीत. फडताळापाशी अर्धी गिरकी, आणि तिथून पुढे डावं पाऊल उजव्यापेक्षा जड. कडेवर मूल असलं म्हणजे पाऊल असं पडतं.

तिचा हात आपोआप डाव्या कमरेवर गेला.

या घरात असं चालणारी एकच बाई होती. ती आली की सासू म्हणायची, "आली बघा पलटण." हसणंही जोरात आणि चालणंही जोरात. मग अ‍ॅम्प्लिफायर आला. नवरा तिच्या चालण्यावरून कधी ओरडला नाही, तो त्याचा स्वभावच नव्हता. ती खोलीतून जायला लागली की तो रेकॉर्डवरची सुई उचलायचा, ती पलीकडे जाईपर्यंत तशीच धरून बसायचा आणि मग पुन्हा टेकवायचा. चकार शब्द नाही. अशा माणसापुढे भांडणार तरी कशी? ती चवड्यांवर चालायला शिकली. कारखान्यातल्या पोरी तिला 'मांजर' म्हणायला लागल्या, मागे कधी येऊन उभी राहते ते कळत नाही म्हणून. तिला त्याचं कौतुकच वाटायचं.

"भाऊजी," ती म्हणाली, "हे ते नाहीत."

"मग कोण?"

"मी आहे."

घड्याळवाल्यांनी आधी स्पीकरकडे आणि मग पलंगावरच्या तिच्या पायांकडे बघितलं.

"साधं रबर घ्यायला हवं होतं." नव्या पोरीला चूक दाखवताना कारखान्यात लागायचा तोच तिचा आवाज होता. "साधं रबर हादरा खातं आणि विसरून जातं. मी वापरला ठशाचा माल. त्यावर जे दाबाल ते तो धरून ठेवतो, त्याचं कामच ते. माझं सगळं चालणं त्यात जात राहिलं आणि मी म्हणत होते, काय छान कड्या झाल्यात."

"मग कापून टाकू या ना. कात्री असली तर आत्ता..." घड्याळवाल्यांनी हात पुढे केला.

"हात लावू नका."

इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी अशी बोलली नव्हती. घड्याळवाल्यांनी हात मागे घेतला.

तिला संताप आला होता. नवऱ्याचा थोडा, स्वतःचा फार. नवरा अडकलाय म्हणून रोज आसवं गाळत बसली, आणि अडकून पडली होती ती स्वतः. वर ते चालणंही आज दुसऱ्याच्या घरी द्यायला निघाली होती, चहा पाजून.

"हा न्यायचा नाही," ती म्हणाली. "मुलीला काय सांगायचं ते मी बघते."

"बरं," घड्याळवाले जरा घाईनेच म्हणाले.

ती पलंगावरून उतरली. सवयीने चवडे टेकले आणि टाचा अधांतरी राहिल्या. तिने एक टाच खाली दाबली. पोटरी दोरीसारखी ताठली, पण टाच जमिनीपासून बोटभर वरच अडकून बसली. तिने फडताळाला धरून सगळा भार त्या पायावर टाकला. डोळ्यांत पाणी आलं. मग टाच टेकली. बशीत कप वाजला, व्हॉल्व्ह टण्ण बोलला.

स्पीकरमधली पावलं त्यासाठी थांबली नाहीत. तरुण बाई कामाच्या नादात असते तशी ती, मागे न बघता, दाराकडे चालली होती. ही तिच्यामागून निघाली. एक टाच, मग दुसरी. हिने अर्धी खोली गाठेपर्यंत ती दारापासून फिरून परत येतही होती. घड्याळवाले उठले आणि खुर्ची भिंतीला लावून त्यांनी दोघींना वाट करून दिली.