कडूबाईनं पारखलेली गाडी

वालूरची कडूबाई गाडी बघायला परभणीला निघाली, तेव्हा तिच्या काखेत रोपांचा एक रिकामा काळा ट्रे होता. तिच्या लेकानं, हरिओमनं, तो बघितला आणि कपाळाला हात लावला.

"माय, आपण गाडी घ्यायला चाललोत. हे कशाला घेतलंस?"

"गाडीत जे ठेवायचंय ते संगं नको का?"

"लोक हसतील की!"

"हसू दे. हसून झालं की मापबी बघतील."

हरिओमनं चपला घातल्या. आईनं एकदा काही ठरवलं की ती बदलत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. वीस हंगाम तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, किशनरावांनी, पश्चिमेकडं जाऊन ऊस तोडला होता. दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रकवर चढायचं, ते उन्हाळ्याच्या तोंडी परत यायचं. सहा वर्षांपूर्वी मुकादम हंगामाची आगाऊ उचल द्यायला दारात आला तेव्हा कडूबाईनं त्याला चहा पाजला आणि "औंदा आमी येत न्हाई" असं सांगून वाटेला लावलं. तिकडच्या एका मळ्यात तिनं दोन वर्षं रोपवाटिकेचं काम बघितलं होतं. त्या जोरावर घरामागं बांबू रोवून, हिरवी जाळी टाकून तिनं मिरचीची हजारभर रोपं तयार केली. आता दहा गुंठ्यांचं शेडनेट होतं. हरिओम पाणी आणि औषधाचं बघायचा, सून प्रियांका फोनवर ऑर्डरी घ्यायची.

अडचण होती ती रोपं पोचवायची. मागच्या साली उघड्या टेम्पोतून टरबुजाची रोपं पाठवली आणि चाळीस किलोमीटरच्या वाऱ्यानं त्यांनी माना टाकल्या. शेतकऱ्यानं निम्मा माल तसाच माघारी धाडला. तेव्हापासून घरात गाडीचा विषय सुरू झाला. किशनरावांचं म्हणणं, बंद टेम्पो घ्यावा. हरिओमच्या डोळ्यांत शोरूममधली छोटी, चकचकीत नवी गाडी भरली होती. प्रियांका काहीच बोलत नव्हती. पण गेल्या दिवाळीत दोन लेकरं घेऊन, तीन वाहनं बदलून ती चुडाव्याला माहेरी पोचली, तेव्हा धाकट्याला ताप भरला होता, हे कडूबाई विसरली नव्हती.

"सात सीटर घ्यायची," तिनं एके दिवशी जेवताना सांगून टाकलं. "मागं रोपं, म्होरं माणसं. मागच्या सीटा आडव्या व्हायला पाहिजेत."

"टेम्पोतबी माणसं बसतेत की," किशनराव म्हणाले.

"टेम्पोत बसलं की माणसाचा माल व्हतो. वीस वर्षं आपण मालच व्हतो. आता न्हाई."

त्यावर किशनरावांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि विषय तिथंच संपला.

परभणीत बन्सीधर नावाच्या माणसाचं जुन्या गाड्यांचं दुकान होतं. मोकळ्या जागेत पत्र्याखाली पंधरा-वीस गाड्या उभ्या. त्यात एक पांढरी सात सीटर अशी काही लखलखत होती, की हरिओम सरळ तिच्यापाशीच जाऊन थांबला. आत नवे सीट कव्हर, समोर मोठा स्क्रीन, अत्तराचा वास. आणि किंमत? बाकीच्या तशाच गाड्यांपेक्षा बरीच उतरती.

"घरची गाडी म्हणून घ्या," बन्सीधर सांगत होता. "मालकानं फुलासारखी वापरलीय. पार्टी अडचणीत होती म्हणून भाव कमी. आज संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक यायलंय, आधीच सांगतो."

हरिओमनं स्टेअरिंगवर हात ठेवला. त्याच्या चेहऱ्याकडं बघूनच कडूबाईच्या ध्यानात आलं, की पोराचा जीव जडला.

"मागचं दार उघडा जरा," ती म्हणाली.

बन्सीधरनं डिकी उघडली, मागच्या सीटा आडव्या केल्या. कडूबाईनं ट्रे ठेवला, विती-वितीनं सरकवत गेली. दुकानातली दोघंतिघं गंमत बघायला जमली. एक जण हसलाही. एका थरात आठ ट्रे बसत होते. ट्रे ठेवायला तीन खणांची घोडी केली तर चोवीस. तिला हिशोब पसंत पडला. पण ट्रे एका कोपऱ्यात डुगडुगत होता.

"हितं उंचवटा कशाचा हाय?" तिनं मॅटिंगचा कोपरा धरून वर ओढला.

"अहो काकू, कंपनी फिटिंग आहे ते, फाटंल!"

मॅटिंग चिकटवलेलं होतं. ते चर्रकन सुटलं. खाली स्टेपनीच्या खड्ड्याच्या कडेला, बोटभर फटीत, पिवळसर राखाडी रंगाचा थर वाळून बसला होता. कडूबाईनं चिमूट घेतली. बोटांत चोळली. मैद्यासारखी भुकटी झाली ती.

तिला एक जुना हंगाम आठवला. त्या वर्षी श्रावणात तिकडं महापूर येऊन गेला होता, आणि दिवाळीनंतर टोळी पोचली तेव्हा नदीकाठच्या घरांच्या भिंतींवर डोक्याइतक्या उंचीवर एक मळकी रेघ होती. बुडून वाचलेला ऊस त्यांच्या वाट्याला आला. पाचट ओढलं की हीच भुकटी उडायची. नाकात, डोळ्यांत, भाकरीत.

"ही गाडी कुठली?" तिनं विचारलं.

"बाहेरची आहे. लिलावात घेतली," बन्सीधर म्हणाला.

"नदीकाठची हाय ना? पुरातली?"

"माय, धूळ हाय ती साधी," हरिओम वैतागला. त्याचा हात खिशाकडं गेला होता. इसार देऊन गाडी धरून ठेवायची, असं त्याच्या मनात पक्कं झालं होतं.

"आपल्याकडची धूळ काळी असती, हरिओम. हा गाळ हाय. असा गाळ कोयत्याखाली मी चार महिने खाल्लाय. माझी वळख चुकायची न्हाई." मग ती बन्सीधरकडं वळली. आवाज चढवला नाही तिनं. "दादा, म्होरं गॅरेज दिसायलंय. तिथल्या मिस्त्रीला बोलवू. त्यो चांगली म्हणला तर मी आत्ता इसार देते."

नाही म्हणायला बन्सीधरला जागा उरली नाही. मुंजाजी मिस्त्री हात पुसत आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मागच्या सीटचा पट्टा धरला आणि ओढत गेला. पट्टा पार शेवटापर्यंत बाहेर आला. एरवी आत गुंडाळलेला असतो तेवढ्या भागावर चहा सांडल्यासारखा डाग होता आणि त्याच्या कडेला स्वच्छ रेघ. मग सीटखाली वाकून त्यानं बॅटरी मारली. नटांवर गंजाचे पापुद्रे.

"बुडालेली हाय," मुंजाजी म्हणाला. "सीटच्या वर पाणी व्हतं. वरून सगळं नवं केलंय, पण वायरी आतून कुजत जातेत. वर्षाच्या आत रस्त्यात उभी ऱ्हाईल."

बन्सीधरचा चेहरा पडला. त्यानं स्वतः तो पट्टा हातात घेऊन बघितला, परत बघितला.

"काकू, लेकराची शपथ, मला माहीत नव्हतं. लिलावात अशीच धुऊन-पुसून आली. स्वस्त मिळाली तर मीबी जास्त विचारलं नाही."

"विचारायला पाहिजे व्हतं," कडूबाई म्हणाली. तिनं ट्रे उचलला. या खेपेला कोणी हसलं नाही.

परतीच्या एसटीत हरिओमनं दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाला, "मी इसार देऊनच टाकला असता."

"तुला त्या मुलखाचं काय माहीत? तू तर हितं आजीजवळ शाळेत व्हतास."

खरंच होतं ते. आईबाप सहा-सहा महिने कुठं असतात, काय खातात, हे त्यानं लहानपणी कधी विचारलं नव्हतं, आणि मोठेपणी विचारायचं धाडस झालं नव्हतं. विचारलं की रडू येईल अशी भीती असायची. आज त्यानं विचारलं. पुरातल्या उसाचं विचारलं, राहायला पाचटाची कोपी कशी बांधायचे ते विचारलं, आजारी पडलं तर काय करायचे ते विचारलं. कडूबाई सांगत गेली. काही ठिकाणी ती हसलीसुद्धा. वालूरला उतरायची वेळ आली तेव्हा हरिओमनं तिच्या काखेतला ट्रे आपल्या हातात घेतला.

तीन आठवड्यांनी बन्सीधरचा फोन आला. आवाजात थोडा संकोच होता.

"काकू, त्या दिवसापासून दुकानातल्या समद्या गाड्यांचं मॅटिंग उचलून बघितलं मी. एक गाडी हाय, पण माझी न्हाई. पिंगळीला भगवानराव म्हणून रिटायर गुरुजी हायत. गिऱ्हाईक बघूनच देणार म्हणतेत. मी तुमचं नाव सांगितलंय."

या वेळी किशनरावही बरोबर निघाले, आणि जाता जाता मुंजाजी मिस्त्रीलाही घेतलं. पिंगळीत स्टेशनच्या अलीकडं गुरुजींचं घर होतं. दारात राखाडी रंगाची लांबट सात सीटर उभी. एका बाजूनं मागच्या दारापर्यंत ओरखडा गेलेला. भगवानराव काठी टेकत बाहेर आले. पाणी दिलं, आणि कोणी काही विचारायच्या आधीच सांगायला बसले.

"हा ओरखडा माझ्याच गेटचा आहे, मीच घातला. डावीकडचं मागचं दार नुसतं ओढून लागत नाही, हिसका द्यावा लागतो. एसी पुढंच गार करतो, मागच्यांनी खिडकी उघडायची. गुडघ्याचं ऑपरेशन आहे, क्लच दाबवत नाही. मुलगी म्हणते, बाबा, आता तुम्ही शेजारी बसायचं. म्हणून विकतोय."

कडूबाईनं डिकीतलं मॅटिंग उचललं. खाली काळी माती, गव्हाचे चार दाणे आणि एक केसाची पिन निघाली.

"काळीच हाय," ती म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा मोकळी हसली.

मुंजाजीनं पट्टे ओढले, बॉनेट उघडलं, गाडी रेल्वे फाटकापर्यंत फिरवून आणली. इंजिन ठणठणीत होतं, क्लचप्लेट मात्र वर्षभरात बदलावी लागणार होती. गुरुजींनी तेवढे पैसे आपणहून कमी केले. या सगळ्यात किशनराव कुठं गेले म्हणून कडूबाईनं बघितलं, तर ते सगळ्यात मागच्या सीटवर जाऊन बसले होते. पाय लांब करून बघत होते, आखडून बघत होते. खाली उतरले आणि म्हणाले, "मागंबी गुडघे मावतेत."

टेम्पोचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. सौदा चहा निवायच्या आत झाला. नावावर करायच्या कागदांवर सही करताना भगवानरावांनी विचारलं, "गाडी कोणाच्या नावानं घ्यायची?"

"मायच्या," हरिओम म्हणाला. किशनरावांनी मान हलवली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला चुडाव्याजवळच्या एका शेतकऱ्याची टरबुजाच्या रोपांची ऑर्डर होती. हरिओमनं सुट्या होणाऱ्या लोखंडी पट्ट्यांची तीन खणांची घोडी करून घेतली होती. पहाटे दव असतानाच ट्रे भरले. पुढं हरिओम आणि कडूबाई, मधल्या सीटवर किशनराव, प्रियांका आणि दोन लेकरं. धाकटा सारखा मागं वळून रोपांशी बोलत होता.

शेतावर पोचल्यावर शेतकऱ्यानं एक रोप ट्रेमधून अलगद उपटलं, मुळांचा पांढरा गड्डा उन्हाकडं धरून बघितला. मग दुसरं, मग तिसरं.

"एकानंबी मान टाकली न्हाई की," तो म्हणाला. "म्होरच्या साली दुप्पट लागतील. आत्ताच लिहून ठेवा."

प्रियांकानं तिथंच बांधावर उभं राहून फोनमध्ये लिहून ठेवलं.

तिथून चुडावा जवळच. प्रियांकाची आई सारजाबाई अंगणात तुरी पाखडत होती. गाडीतून लेक, जावई, नातवंडं, व्याही, विहीण असे सगळे एकदम उतरलेले बघून तिनं सूप तसंच खाली ठेवलं. जेवणं झाली, गप्पा झाल्या. निघायच्या वेळी तिचे डोळे भरून आले, तसं प्रियांका म्हणाली, "आये, चल की आमच्यासंगं. आठ दिवस राहा."

"मी? मला एसटी मानवत न्हाई, माहीत हाय ना तुला. तुझं लगीन झाल्यापास्नं एकदाच आलते, त्याबी येळंला निम्म्या वाटंपासून उलट्या."

"एसटीनं कोण जायलंय?" कडूबाई म्हणाली. "इहीणबाई, तुमी म्होरं खिडकीपाशी बसा. मी मागं बसते. मागं लय ऐसपैस हाय."

सारजाबाईनं दारात उभ्या असलेल्या आपल्या सुनेकडं बघितलं. सून म्हणाली, "जावा की. तुरीचं मी बघते." मग मात्र सारजाबाईची अशी धांदल उडाली, की दोन लुगडी पिशवीत कोंबताना ती लाडवांचा डबा घरातच विसरली आणि परत आत पळाली. हरिओमनं घोडीच्या पट्ट्या सोडून सीटखाली सरकवल्या, मागची सीट उभी केली, डावीकडच्या दाराला हिसका दिला.

गावाबाहेरच्या फाटकात मालगाडीसाठी थांबावं लागलं. सारजाबाई काच खाली करून वारा घेत होती. तिला मळमळत नव्हतं, आणि दर पाच मिनिटांनी ती तसं सांगत होती. मागून प्रियांका हळूच म्हणाली, "आत्याबाई, एक बोलू का? मला गाडी शिकायचीय. ऑर्डरी वाढल्या तर यांना एकट्याला जमायचं न्हाई."

"मीच शिकवतो की," हरिओम म्हणाला.

"तू नको. नवरा शिकवायला बसला की निस्ती भांडणं व्हतेत," कडूबाई म्हणाली. "सेलूला क्लास हाय. सोमवारी जाऊन नाव घाल, प्रियांका. आन माझंबी घाल."

किशनरावांनी दचकून बायकोकडं बघितलं. "ह्या वयात?"

"वयाचं काय घेऊन बसलाव? गाडी माझ्या नावावर हाय."

मालगाडी लांबलचक होती. ती जाईपर्यंत आतली सगळी हसत राहिली, सारजाबाई तर पदरानं डोळे पुसत. आणि सोमवारी सेलूच्या क्लासमध्ये वालूरच्या सासू-सुनेची नावं एकाखाली एक लिहिली गेली.